हरलेल्या इंजिनाचा वंश

रॉबर्ट फ्रान्सिस फेअर्ली या स्कॉटिश इंजिनियरचे कोणतेही चरित्रटिपण उघडा. क्रू आणि स्विंडनच्या कारखान्यांत उमेदवारी, १८५३ मध्ये आयर्लंडमधल्या लंडनडेरी–कोलरेन रेल्वेचा कारभार, १८५९ मध्ये लंडनला स्वतःची सल्लागार कचेरी आणि १८६४ मध्ये दुतोंडी इंजिनाचे पेटंट, असा क्रम लागलेला असतो. आयर्लंड आणि लंडन यांच्या मध्ये एक अर्धे वाक्य असते आणि बहुतेक लेखक त्यावरून घाईने पुढे सरकतात. हा माणूस १८५७ च्या सुमारास ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ रेल्वेच्या नोकरीत होता. ते अर्धे वाक्य नजरेला पडल्यापासून दुतोंडी इंजिनाची सगळी वंशावळ पुन्हा मांडून पाहावी असे मला वाटत आले आहे.

दुतोंडी इंजिन म्हणजे दोन्ही टोकांना धुरांडे, मधोमध भट्टी आणि खाली चाकांचे दोन स्वतंत्र गाडे. प्रत्येक गाड्याला स्वतःचे सिलिंडर आणि प्रत्येक गाडा वळणावर आपापल्या खुंटीभोवती फिरणारा. दिसायला विचित्र, पण हेतू अगदी सरळ आहे. चढणीवर गाडी ओढायची तर इंजिनाचे जास्तीत जास्त वजन ओढणाऱ्या चाकांवर हवे, नाहीतर चाके जागीच गरगरतात. वजन वाढले की ते पेलायला चाकांच्या जोड्या वाढतात. जोड्या एका ताठ सांगाड्यात ओळीने बसवल्या की घाटातल्या वळणात तो सांगाडा अडकतो. मग तोडगा एकच उरतो: सांगाडा मधून तोडा, दोन तुकडे करा आणि वर एकच बॉयलर ठेवा. इथपर्यंत बुद्धी चालवणारे पुष्कळ झाले. अडचण यानंतर सुरू होते आणि तिच्यापायी निदान तीन पिढ्यांची इंजिने वाया गेली.

त्यांतली सर्वांत नावाजलेली फजिती १८५१ ची. व्हिएन्नाहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवर आल्प्समधला सेमरिंगचा घाट आडवा येतो. कार्ल फॉन घेगाने ग्लॉग्निट्झ ते म्युर्त्सुश्लाग असा ४१ किलोमीटरचा मार्ग आखला तेव्हा त्यात ४० ला १ अशी चढण आणि १९० मीटर त्रिज्येची वळणे होती. १८४८ मध्ये काम सुरू झाले. बोगदे खणले जात होते, दुमजली पूल उभे राहत होते, आणि ती चढण चढेल असे इंजिन मात्र जगात कुठेच नव्हते! घेगाचे टीकाकार हेच बोट दाखवून बोलत. शेवटी सरकारने स्पर्धा जाहीर केली. पायरबाखजवळच्या तयार झालेल्या तुकड्यावर सुमारे १४० टनांची गाडी ताशी ११ किलोमीटरच्या आसपास वेगाने चढवून दाखवायची. पहिले बक्षीस २०,००० डुकाट.

चार इंजिने आली. म्युनिकच्या माफाई कारखान्याचे ‘बव्हेरिया’, ग्युंथरच्या कारखान्याचे ‘वीनर नॉयश्टाट’, व्हिएन्नाच्या रेल्वे कारखान्याचे ‘विंडोबोना’ आणि बेल्जियममधल्या जॉन कॉकरिल कारखान्याचे ‘सेरेंग’. कॉकरिलचा कारखाना ज्या गावात होता त्याच गावाचे नाव या इंजिनाला दिले होते. चारही इंजिनांनी स्पर्धेची अट पुरी केली, ‘बव्हेरिया’ने बक्षीस पटकावले आणि रोजच्या वाहतुकीला चारांपैकी एकही उपयोगी पडले नाही. ‘बव्हेरिया’ने टेंडरची चाकेही साखळ्यांनी इंजिनाच्या चाकांना जोडली होती, त्या साखळ्या तुटत राहिल्या. ‘विंडोबोना’चा सांगाडा ताठ होता, तो वळणांना जुमानेना. मार्ग १८५४ मध्ये प्रवाशांना खुला झाला तो व्हिल्हेल्म फॉन एंगर्टने आखलेल्या पाचव्याच धाटणीच्या इंजिनांवर. म्हणून इतिहासकार या स्पर्धेला एक परिच्छेद देतात आणि एंगर्टकडे वळतात.

मला हा निकाल अपुरा वाटतो. ‘बव्हेरिया’च्या साखळ्यांचा वंश तिथेच खुंटला. एंगर्टची इंजिनेही दोन-तीन दशकांत मागे पडली. पण हरलेल्यांपैकी जी दोन इंजिने खरोखर सांध्याची होती, ‘वीनर नॉयश्टाट’ आणि ‘सेरेंग’, त्यांची नातवंडे-पतवंडे विसाव्या शतकात मेक्सिकोपासून सॅक्सनीपर्यंत धावली आणि काही आजही धावतात.

‘सेरेंग’चे वर्णन फेअर्लीच्या पेटंटशेजारी ठेवून वाचा. दोन बॉयलर पाठीला पाठ लावून एकाच भट्टीला जोडलेले. दोन टोकांना दोन धुरांडी. खाली चार-चार चाकांचे दोन फिरते गाडे, आठही चाके ओढणारी. ड्रायव्हर आणि फायरमन मागच्या फलाटावर न उभे राहता मधल्या भट्टीच्या बाजूला. फेअर्लीच्या पेटंटला तेव्हा तेरा वर्षे अवकाश होता. हे इंजिन फसले ते मुख्यतः एका सांध्यापायी, आणि सगळ्या वंशाचे मर्मही त्याच सांध्यात आहे, म्हणून तो जवळून पाहायला हवा.

साध्या इंजिनात बॉयलर आणि सिलिंडर एकाच सांगाड्यावर पक्के बसवलेले असतात. वाफेची नळी एकीकडून दुसरीकडे गेली की काम झाले. दुतोंडी इंजिनात बॉयलर वर स्थिर आणि सिलिंडर खाली फिरत्या गाड्यावर. म्हणजे नळीला कुठेतरी हलता सांधा हवा. तो नुसता डावी-उजवीकडे फिरून भागत नाही. रूळ खाली-वर असतात, एका बाजूला कललेले असतात, गाडा डुलतो, उसळतो. खांद्याच्या उखळीत हाड फिरते तसा नळीचा गोलाकार गड्डा वाटीत फिरला पाहिजे आणि त्यातून वाफेचा एक फुत्कारही बाहेर पडता कामा नये. त्या काळी असा सांधा आवळायला चरबीत भिजवलेले तागाचे पॅकिंग. गरम वाफेने चरबी जळते, ताग कोरडा होतो, फट पडते. सांधा सैल ठेवला तर वाफ गळते, दाब उतरतो आणि गाडी भर चढणीवर धापा टाकू लागते. पक्का आवळला तर गाडा फिरायला कुरकुरतो आणि चाकाची कड रुळाला घासते. अशा सांध्यांपायी ‘सेरेंग’ची वाफ गळत राहिली. बॉयलरची आणि चाकांची मांडणी उत्तम होती. तागाने दगा दिला.

आणि ‘सेरेंग’ हा मूळपुरुष म्हणावा तर त्याच्याही आधी एक पिढी निघते. अमेरिकेत साउथ कॅरोलिना रेल्वेसाठी होरेशियो ॲलनने १८३२ मध्ये मधोमध भट्टी आणि दोन्ही टोकांना फिरते गाडे असलेले इंजिन बनवून घेतले होते. इंजिनाचे नावही ‘साउथ कॅरोलिना’च. हलके रूळ मोडू नयेत म्हणून वजन विभागायचे, हा त्याचा हेतू. तेही फसले, आणि गळत्या सांध्यांची रड तिथेही होतीच.

इथे एक मोहक तर्क समोर येतो. सेमरिंगचा घेगा १८४२ मध्ये अमेरिकेला जाऊन तिथल्या रेल्वे पाहून आला होता. बाल्टिमोर–ओहायो रेल्वेवर त्याने पुस्तक लिहिले. मग ॲलनची कल्पना घेगाच्या सामानातून युरोपात आली आणि ‘सेरेंग’मध्ये उतरली, असे म्हणता येईल का? कथा छान जुळते, पण मला ती पटत नाही. घेगा तिथे गेला तोवर ॲलनची इंजिने सेवेतून गेलेली होती. शिवाय घेगाने मार्ग आखला, इंजिन आखले नाही. ‘सेरेंग’ बेल्जियममधल्या कारखान्याचे. ॲलनचे इंजिन हे या घराण्याचे निपुत्रिक चुलत आजोबा मानावे, सरळ पूर्वज मानू नये, असे माझे मत आहे.

‘सेरेंग’ आणि फेअर्ली यांच्या नात्याचा वाद याहून गंभीर. एक पक्ष म्हणतो, फेअर्लीने स्वतंत्रपणे शोध लावला. चढण, वळण आणि वजन ही तीन बंधने कुणाहीपुढे ठेवली तर उत्तर आपोआप याच आकाराचे येते. दुसरा पक्ष म्हणतो, त्याने ‘सेरेंग’ उचलले आणि त्यावर आपल्या पेटंटचा शिक्का मारला. पहिल्या पक्षाचे म्हणणे ‘वीनर नॉयश्टाट’मुळे लंगडे पडते. तेच घाट, तीच वळणे, तेच वजन, तरी ग्युंथरच्या कारखान्याने एकच लांब बॉयलर आणि खाली दोन गाडे अशी निराळी मांडणी केली. पुढे जाँ-जाक मेयरच्या नावाने रूढ झालेल्या घराण्याचा तो आरंभ. म्हणजे बंधनांतून एकच आकार निघतो हे खरे नाही. मधोमध भट्टी, दोन तोंडे, बाजूला उभा ड्रायव्हर, इतक्या खुणा योगायोगाने जुळत नाहीत. १८५१ मध्ये फेअर्ली विशीतला उमेदवार होता आणि सेमरिंगच्या चाचण्यांची वर्णने युरोपभर इंजिनियरांत वाचली जात होती. क्रू-स्विंडनसारख्या कारखान्यात शिकणाऱ्या पोराच्या कानावर ती गेली नसतील, हे मला संभवनीय वाटत नाही.

पण ‘उचलले’ म्हणणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. सेमरिंगची माहिती शेकडो इंजिनियरांना होती. एंगर्टची इंजिने चालू लागल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ‘सेरेंग’ला मूठमाती दिली. मग तेरा वर्षांनी याच माणसाला ते मढे उकरावेसे का वाटले? आयर्लंडमधली त्याची रेल्वे समुद्रकाठची. क्रू आणि स्विंडन सपाटीवरची. चढणीचा ध्यास त्याला लागला कुठे?

माझे उत्तर आहे: मुंबई इलाख्यात.

त्या काळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचली. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे मार्ग जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला बोरघाट अजून रक्त आटवत होता. मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसे, घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. तिकडे हजारो मजूर ३७ ला १ अशी चढण कोरत होते. सेमरिंगपेक्षा ती तिखट. फेअर्ली हिंदुस्थानात होता ती वर्षे नेमकी हीच. त्या वर्षांत मुंबई इलाख्यातल्या कोणत्याही रेल्वे इंजिनियरच्या जेवणाच्या टेबलावर बोरघाटाखेरीज दुसरा विषय असेल, असे मानणे कठीण आहे.

यावर हरकत ठरलेली आहे: फेअर्लीची कंपनी वेगळी. बॉम्बे-बडोद्याचा मार्ग किनाऱ्याने, गुजरातेतून, सपाटीवरचा. त्यांची पहिली गाडी १८६० मध्ये अंकलेश्वर–उत्राणला धावली, म्हणजे फेअर्ली लंडनला परतल्यानंतर. तिथे घाट कुठला? हरकत वजनदार आहे, पण बॉम्बे-बडोदा कंपनी जन्मली कशातून, ते पाहिले की ती उलटते. कंपनीचा प्रवर्तक कर्नल जॉन पिट केनेडी. हा मनुष्य सरकारचा रेल्वे सल्लागार असताना पेनिन्सुलाच्या घाटमार्गांवर तुटून पडला होता. ३७ ला १ ची चढण म्हणजे पैशाची आणि इंजिनांची नासाडी, रेल्वे नद्यांच्या खोऱ्यांतूनच न्यावी, सुरतेहून तापीच्या काठाने खानदेशात शिरावे, हा त्याचा हेका. सरकारने घाटांची बाजू घेतली. केनेडीने आपली स्वतंत्र कंपनी उभी केली. सुरत–जळगाव गाडीने आज जाणारे खानदेशी प्रवासी केनेडीने सांगितलेल्याच खोऱ्यातून जातात. तो फाटा मात्र विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उभा राहिला.

म्हणजे फेअर्ली ज्या कंपनीत नोकरीला आला तिचे बीजच मुळी ‘घाट चढायचा कसा’ या भांडणात रुजलेले. केनेडीचा पक्ष म्हणे, चढण टाळा. पेनिन्सुलाचा पक्ष म्हणे, चढण खोदा, पैसा ओता. तिसरी बाजू कुणी मांडत नव्हते: चढण आणि वळण जसेच्या तसे राहू द्या, इंजिन बदला. फेअर्ली लंडनला परतला आणि पुढची पंचवीस वर्षे जन्मभराचा वसा घेतल्यासारखा हीच तिसरी बाजू लढवत राहिला. १८७२ मधल्या त्याच्या पुस्तकाचे नावच ‘रेल्वे की रेल्वेच नको’ अशा अर्थाचे आहे. अरुंद गेज, तीव्र वळणे, स्वस्त मार्ग आणि त्यावर दमदार इंजिन, हा त्याचा मुद्दा. केनेडीच्या कंपनीत राहिलेल्या माणसाखेरीज हे पुस्तक कुणी लिहिले नसते, असे मी ठामपणे म्हणतो. प्रश्न त्याला मुंबईने दिला आणि उत्तर त्याने सेरेंगहून आणले.

पेटंट मिळाले तरी सांध्याचा शाप सुटला नव्हता. फेअर्लीचे पहिले इंजिन १८६५ चे. वेल्समधल्या नीथ अँड ब्रेकन रेल्वेसाठी सेंट हेलन्सच्या जेम्स क्रॉसच्या कारखान्यात ते बांधले आणि नाव ठेवले ‘प्रोग्रेस’. प्रगती काही झाली नाही. एकाच भट्टीतला जाळ दोन धुरांडी दोन दिशांना ओढत, त्यामुळे वाफ धड धरेना, आणि नळ्यांचे सांधे होतेच छळायला. ‘सेरेंग’चे दोन्ही दोष या नातवाने जसेच्या तसे घेतले होते. मला तर हा रक्ताच्या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. गुण कुणीही स्वतंत्रपणे शोधून काढू शकतो, दोष मात्र बहुधा वारशानेच येतात.

इथून त्याला वर काढले ते सासऱ्याच्या कारखान्याने, आणि ते नाते जुळले कसे तो भाग कादंबरीत शोभावा. लंडनच्या हॅचम कारखान्याचा मालक जॉर्ज इंग्लंड हा तापट गृहस्थ. त्याची मुलगी एलायझा हिला घेऊन फेअर्ली १८६२ मध्ये पळून गेला. लग्नाच्या परवान्यासाठी मुलीच्या बापाची संमती असल्याचे त्याने शपथेवर सांगितले होते. इंग्लंडने खोट्या शपथेची फिर्याद ठोकली. खटल्यात उलटतपासणी झाली आणि इंग्लंडला कबूल करावे लागले की एलायझाच्या आईशी त्याचे लग्नच झालेले नव्हते, पहिली बायको हयात होती. तेव्हाच्या कायद्यापुढे एलायझा कुणाचीच मुलगी नव्हती. मग बापाची संमती लागतेच कशाला? फेअर्ली सुटला. आणि ज्याने जावयाला तुरुंगात घालायला वकील लावले, त्याच्याच कारखान्यात सात वर्षांनी जावयाचे सर्वांत गाजलेले इंजिन तयार झाले!

ते ‘लिटल वंडर’. १८६९, वेल्समधली फेस्टिनियोग रेल्वे, दोन फुटांहूनही किंचित अरुंद गेज, डोंगरातून पाटीच्या दगडाची वाहतूक. भट्टीत मध्ये आडपडदा घालून दोन बॉयलरांचे जाळ वेगळे केले होते. १८७० च्या फेब्रुवारीत चाचण्या पाहायला ठिकठिकाणचे इंजिनियर आले, त्यांत रशियाच्या झारने धाडलेले मंडळही होते. फेअर्लीने फेस्टिनियोगला पेटंट कायमचे विनामूल्य दिले. व्यवहारी माणूस होता: रोज धावणारे एक इंजिन म्हणजे फुकटची जाहिरात. ‘लिटल वंडर’ ने इतके काम उपसले की १८८२ पर्यंत ते झिजून संपले.

त्यानंतर फेअर्ली इंजिने रशियात गेली, मेक्सिकोत गेली. मेक्सिकन रेल्वेच्या २५ ला १ च्या चढणीवर तर विजेची इंजिने येईपर्यंत त्यांचेच राज्य होते. आपल्याकडे बोलन खिंडीसाठी मागवलेली मीटरगेज फेअर्ली इंजिने शेवटी ब्रह्मदेशात नांदली. बोरघाटाला मात्र फेअर्ली कधी आली नाही. पेनिन्सुलाने १८६३ मध्ये घाट सुरू केला तो साध्या, जड टाकीवाल्या इंजिनांवर. आणि आजही कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिने लागतात आणि मगच ती घाट चढते. दोन इंजिनांचे काम एकाच ड्रायव्हर-फायरमनच्या जोडीने करावे, हे फेअर्लीचे आश्वासन जिथून उगवले असे मी म्हणतो, तिथेच ते कुणी घेतले नाही.

उरलेली पिढीजात कथा सर्वांना ठाऊक आहे, ती थोडक्यात. आनातोल मॅलेने १८८४ मध्ये ताजी वाफ मागच्या पक्क्या सिलिंडरांना दिली आणि वापरून दाब उतरलेली तेवढी हलत्या सांध्यातून पुढे नेली; हर्बर्ट गॅरॅटने १९०७ मध्ये बॉयलर दोन गाड्यांच्या मधोमध टांगला आणि बंगाल–नागपूर रेल्वेवर त्याची अजस्र रूपे धावली; ‘वीनर नॉयश्टाट’च्या मेयर वंशातले सॅक्सनीचे चौथ्या वर्गातले छोटे इंजिन तब्बल ९६ नगांपर्यंत गेले. मॅलेचा तोडगा मला सर्वांत हुशार वाटतो. सांधा गळणारच असेल तर त्यातून गळण्यासारखे थोडेच ठेवावे, इतका साधा विचार त्यामागे आहे.

सांध्यालाच रजा देणारा एक तोडगा आपल्या घरचा आहे. नेरळ–माथेरान मार्गावर १९०७ पासून धावलेली ओरेनस्टाइन अँड कॉपेलची इंजिने दिसायला ताठ सांगाड्याची, पण त्यांच्या टोकाच्या चाकांचे आस पोकळ होते. सॅक्सनीच्या क्लीन आणि लिंडनर या इंजिनियरांनी योजलेल्या या रचनेत आतला आस जागेवर फिरतो आणि बाहेरची पोकळ नळी चाकांसकट वळणाप्रमाणे सरकते. सिलिंडर स्थिर, नळी स्थिर, गळती नाही. २० ला १ ची माथेरानची चढण त्यांनी पाऊण शतक चढली. ‘सेरेंग’च्या कारागिरांना ही युक्ती कुणी सांगितली असती तर सेमरिंगचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

फेअर्लीला व्हेनेझुएलाच्या दौऱ्यात तापाने गाठले, त्यातून तो पुरता सावरला नाही आणि १८८५ मध्ये लंडनला वारला. फेस्टिनियोगवर १८७९ चे ‘मर्डिन एम्रिस’ अजून गाडी ओढते आणि ‘जेम्स स्पूनर’ नावाचे नवे कोरे दुतोंडी इंजिन २०२३ मध्ये तिथे सेवेत आले. माझ्या तर्काचा निकाल मात्र वेल्समध्ये लागणार नाही. बॉम्बे-बडोदा कंपनीचा १८५७ ते १८५९ चा पत्रव्यवहार, नोकरांच्या याद्या, मुंबई सरकारच्या रेल्वे खात्याची तेव्हाची बाडे कुणी धुंडाळत असेल, तर त्यात फेअर्ली हे नाव, आणि त्याच्या आसपास खंडाळा किंवा खोपोली हा शब्द, आढळतो का एवढे जरूर पाहावे आणि आढळल्यास छापून प्रसिद्ध करावे.